सरळ भिंती, कडेचा माणूस

शनिवारी दादरला मी फोटोग्राफीचा वर्ग घेतो. दर बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "सर, अल्ट्रा-वाइड घेऊ की फिशआय?" प्रश्न साधा आहे, उत्तरही साधंच आहे, आणि तरी माझं डोकं फिरतं. "आधी आहे ती लेन्स नीट वापरा," असं काहीतरी खेकसून मी विषय बदलतो. मग मुलं एकमेकांकडे बघतात. सर जरा सटकलेले आहेत, असं त्यांना वाटत असणार, आणि त्यात फार चूक नाही.

उत्तर असं आहे. दोन्ही लेन्स अडचणीच्या जागेसाठी असतात, जिथे मागे सरकायला वाव नसतो. डोळ्यांत मावतं त्याहून जास्त एका चौकटीत कोंबायचं, तर कुठेतरी ओढाताण होणारच. अल्ट्रा-वाइड सरळ रेघ सरळ ठेवते. दाराची चौकट, वासे, भिंतीचा कोपरा, सगळं पट्टीने आखल्यासारखं. त्याचा भुर्दंड कडेला असलेल्यांना पडतो. मधला माणूस होता तसा दिसतो आणि कडेचा बाहेरच्या बाजूला ताणला जाऊन दीडपट रुंद होतो. फिशआय याच्या उलट. घासलेल्या तांब्यात बघावं तशा ती भिंती वाकवते, पण कडेच्या माणसाचं तोंड बरंचसं त्याचंच राहतं. थोडक्यात, एक लेन्स भिंतींची बाजू घेते आणि दुसरी माणसांची. वर्गात एवढंच सांगितलं तरी पुरे. पण भिंत म्हटलं की मला एक ठरावीक भिंत आठवते, आणि पुढचं बोलणं होत नाही.

ती भिंत लालबागची. आमच्या गावच्या मंडळाची खोली तिथे एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. गावातला कुणी एक पहिल्यांदा मुंबईला आला, त्याने खोली भाड्याने घेतली, आणि मग गावातून जो गिरणीत यायचा तो तिथेच उतरायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवर एक खुंटी आणि झोपायला वळकटीपुरती जागा. तीही पाळीपाळीने, म्हणजे एक जण कामाला निघाला की दुसरा तिथे आडवा व्हायचा. बायकामुलं गावाला. दरमहा वर्गणी दिली की खोली आपली, ती कुणा एकाची नाही, गावाची. माझे वडील पंचवीस वर्षं त्या खोलीत राहिले. ते गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर, होते. दाराच्या उजवीकडची दुसरी खुंटी त्यांची.

मीही दहावीनंतर चार वर्षं तिथे काढली. मग गिरगावात फणसवाडीतल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. मालकांनी पोटमाळ्यावर झोपायला जागा दिली, आणि एक माणूस तरी कमी म्हणून मी मंडळाच्या वहीतून माझं नाव काढून घेतलं. त्या वेळी सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

संप झाला तेव्हा खोलीत पस्तीस माणसं होती. पहिले दोन-तीन महिने सगळे खुशीत होते, मग खानावळवाल्या मावशींनी हात टेकले, मग एकेक जण गावाला जाऊन बसला. बाबाही गेले आणि वर्षभराने परत आले. गिरणीने त्यांना घेतलं नाही. संप कधी संपला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, मलाही अजून नीट सांगता येत नाही. शेवटी दादरला एका सोसायटीत दिवसपाळीचं वॉचमनचं काम मिळालं. पगार बेताचाच, पण खोली होती म्हणून ते काम परवडत होतं. खोली नसती तर मुंबईत एक दिवसही राहणं त्यांना शक्य नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

संपाला नऊ-दहा वर्षं होऊन गेल्यावर खोलीवर कज्जा उभा राहिला. भाडेपावती होती त्या पहिल्या आलेल्या माणसाच्या नावावर. तो कधीच वारला होता. त्याचा मुलगा, जो लहानपण सोडता त्या खोलीत कधी फिरकलाही नव्हता, एके दिवशी चाळीच्या मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, खोली माझ्या बापाची, ही बाकीची मंडळी पाहुणी. आमचे लोक हादरले. सगळ्यांत म्हाताऱ्या काकांना पुढे घालून तेही मॅनेजरकडे गेले. तिथे दोन-तीन आठवडे नुसती तोंडातोंडी झाली.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. कटकट मिटवायची म्हणून त्याने एक तोडगा काढला. "आज जे खरंच राहतात त्यांचा फोटो आणा," तो म्हणाला. "खोलीतच पायजे, प्रत्येकाची ट्रंक दिसली पायजे, चार भिंती दिसल्या पायजेत. आणि एकाच फोटोत सगळे. वेगवेगळे फोटो काढाल तर तीच माणसं शर्ट बदलून दोनदा उभी राहतील, मला म्हाईत आहे." फोटोत दिसेल तो राहणारा, नंतर यादीत नाव घुसवायचं नाही, असं ठरलं. पावतीवाल्याच्या मुलाने त्यात भर घातली की कुणाच्याही मेव्हण्याला आणून उभं करतील, तेव्हा फोटोतलं तोंड गिरणीच्या जुन्या पासावरच्या फोटोशी जुळलं पाहिजे. सगळ्यांकडे ते पास होते. गिरणी गेली तरी पास कुणी टाकला नव्हता. दोन्ही बाजूंनी होकार दिला.

"फोटोचा टेन्शन नाय," काका म्हणाले, "आमचोच झील फोटोग्राफर आसा." म्हणजे मी. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आमचे मालक कारखान्यांच्या आतले फोटो काढायचे, कॅटलॉगसाठी. त्यामुळे स्टुडिओत या दोन्ही लेन्स होत्या. त्या काळी गिरगावात दुसऱ्या कुणाकडे असतील असं वाटत नाही. मी दोन्ही मागून घेतल्या आणि एका रविवारी चाचणी म्हणून काकांना आणि आणखी चार-पाच जणांना बसवून फोटो काढले. प्रिंट करून खोलीत नेले. कुणीतरी दिवा जवळ ओढला आणि सगळे त्यावर वाकले.

फिशआयचा फोटो आधी हातोहात फिरला. माणसं ओळखू येत होती, पण वासे धनुष्यासारखे वाकलेले आणि समोरची भिंत फुगून पुढे आलेली. पहिल्यांदा हशा झाला. "भिंत पोटुशी दिसता रे!" कुणीतरी म्हणालं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फोटो लांब धरून बघितला. "ह्यो नको," ते म्हणाले. "भिंत अशी फुगलेली बघितल्यार मॅनेजर काय म्हणतलो? चाळ धोक्याची आसा, खाली करा. मगे खोली ह्याची काय आणि त्याची काय, सगळेच रस्त्यावर."

 मी समजावलं की ही लेन्सची करामत आहे, भिंतीला काही झालेलं नाही. काका म्हणाले, "तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा. कागदाक म्हायत आसा?"

मग अल्ट्रा-वाइडचा फोटो. भिंती उभ्या, वासे सरळ, ट्रंका ओळीत. खोली तर लग्नाच्या हॉलएवढी वाटत होती. "ही आमची खोली?" म्हणून सगळे खूश. उजव्या कडेला बसलेल्याचा हात वल्ह्याएवढा लांब झाला होता, त्यावरून त्या माणसाची थट्टा झाली आणि विषय संपला. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की कडेला कुणी बसायचं नाही, दोन्ही बाजूंना ट्रंका रचू, ट्रंक ताणली गेली तर कुणाचं काही जात नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

प्रत्यक्ष फोटोच्या दिवशी एकोणीस माणसं होती. संपाच्या वेळच्या पस्तिसांपैकी उरलेली. सगळे दाढी करून, इस्त्रीचे सदरे घालून आलेले. मी दाराच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून उभा राहिलो, तिपाईचा एक पाय गॅलरीत. दोन्ही बाजूंना ट्रंका रचल्या. काका मध्ये खुर्चीवर, बाकीचे दोन ओळींत. चौकटीतून बघितलं तर अठरा जण नीट बसत होते. उजवीकडे एका माणसाची फट होती, अगदी कडेला, ट्रंकांच्या आणि चौकटीच्या मध्ये. आणि त्या फटीत बाबा उभे होते.

ते आधी मध्ये होते, काकांच्या शेजारी, मीच बसवलं होतं. मी लेन्समध्ये डोकं घातलं तेवढ्यात उठून कडेला गेले आणि आपल्या जागी कडेच्या माणसाला बसवलं. मी म्हटलं, "बाबा, तिथे नको, मध्ये या."

"मी हयच बरो."

"अहो, कडेला तोंड बिघडतं. मी सांगितलंय ना सगळ्यांना?"

"कुणाचा तरी बिघडतलाच मां? एक माणूस कडेक येतलोच." मग ते जरा आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झिलाच्या हातात कॅमेरो आसा आणि बापूस मध्ये बसलो, असा लोकांनी म्हणाचा? घरचो माणूस कडेक. काढ फोटो."

आमच्याकडे पंगतीला घरचा माणूस शेवटी बसतो, आणि फोटोत कडेला. लग्नातल्या कुठल्याही फोटोत बघा, यजमान अर्धा कापलेला असतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नसतं. पण माझ्या हातात नेमकी तीच लेन्स होती जी कडेच्या माणसाला सोडत नाही. मला ते ठाऊक होतं. त्या खोलीत ते फक्त मलाच ठाऊक होतं. पण अठरा जण श्वास रोखून बसलेले, बाबांनी सगळ्यांदेखत दटावलेलं, आणि मी तिशीचा असून त्या खोलीत अजून पोरच होतो.  मी बटण दाबलं. तसेच आणखी पाच काढले. फिशआय पिशवीत होती, एक फोटो तिनेही काढू का, असं मी हळूच काकांना विचारलं. ते म्हणाले, "दोन फोटो झाले की मॅनेजर विचारतलो, खरो खयचो? एकच दी."

एकच दिला. प्रिंट धुऊन आली तेव्हाच मला कळलं होतं. बाबा मुळात काटकुळे. त्या फोटोत उजव्या कडेला एक रुंद खांद्याचा, भरल्या गालांचा, जाड मानेचा गृहस्थ उभा होता, एखाद्या दुकानाच्या मालकासारखा. मी मनाशी म्हटलं, ओळख पटवायला आपली माणसं आहेतच. पाहिजे तर बाबांना समोर नेऊन उभं करू. असं म्हणून मी प्रिंट पाकिटात घातली. आजही मला स्वतःच्या त्या निश्चिंतपणाचा राग येतो.

त्याच सुमारास गावाहून निरोप आला की आई पाय घसरून पडली आहे. बाबा रजा काढून गेले. ते गेल्यावर मॅनेजरने पास आणि फोटो समोरासमोर ठेवले. अठरा जुळले, एक जुळला नाही. पावतीवाल्याच्या मुलाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. पासावर बघा, गाल बसलेले, मान बारीक. हा कुणी भलताच आहे.

मी मॅनेजरकडे धावलो. निगेटिव्ह नेली, कॅमेरा नेला, दोन्ही लेन्स नेल्या. त्याच्या टेबलाशी उभा राहून एकेक लेन्स लावून दाखवली. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, फिशआय फारच आवडली, कारकुनाला बोलावून त्यालाही दाखवली. दोघं हसले. मग तो म्हणाला, "तुमचं सगळं खरं असेल हो. पण मी काय लिहू? लेन्समुळे माणूस जाड झाला? कोण ऐकेल? एक काम करा, त्यांनाच आणा. समोर उभे राहिले की दोन मिनिटांचं काम."

बाबांना बोलावून घेतलं. ते आईला तशीच अंथरुणात सोडून एसटीने आले आणि परळला उतरून थेट मॅनेजरच्या खोलीत. काका होते, मी होतो, पावतीवाल्याचा मुलगा होता. बाबांनी तो फोटो तोवर बघितलाच नव्हता. प्रिंट झाली तेव्हा ते गावाला होते, आणि दाखवून ठेवावी हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

मॅनेजरने फोटो त्यांच्यापुढे सरकवला आणि उजव्या कडेवर पेनचं टोक टेकवलं. "मामा, नीट बघून सांगा. हे तुम्ही काय?"

बाबांनी फोटो उचलला. आधी मधल्या काकांकडे बघितलं, ओळखीचं हसले. मग एकेक तोंड बघत कडेपर्यंत आले. तिथे थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं आता बोलावं, पण बोललो असतो तर पढवतोय असं झालं असतं.

"नाय," ते म्हणाले. "ह्यो मी न्हय. असो जाडो मी कधी होतंय?"

ते खरं बोलत होते. आयुष्यात कधी खोटी सही केली नाही की खोटी हजेरी लावली नाही, असा माणूस. त्यांना नीट बघून सांगा म्हटलं, त्यांनी नीट बघून सांगितलं. मी ओरडलो, "बाबा, तुम्हीच आहात! तुमचा निळा सदरा बघा!" त्यांनी पुन्हा बघितलं आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून सहन होत नाही. त्यांनी स्वतःला ओळखलं होतं. पण तोवर पावतीवाल्याचा मुलगा उभा राहून म्हणत होता, "स्वतःच सांगितलं त्यांनी, लिहून घ्या." मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, हात उघडे केले आणि लिहून घेतलं.

मी काकांकडे वळलो. त्यांनी एक शब्द टाकला असता, सगळ्या अठरांनी शपथेवर सांगितलं असतं, तर कदाचित यादी पुन्हा उघडली असती. काकांनी मान खाली घातली. जिन्यात ते मला म्हणाले, "एकाची यादी उघडली तर मॅनेजर सगळ्यांची उघडतलो रे. अठरा माणसां आसत." मला त्यांचा संताप आला. नंतर कितीही वेळा विचार केला तरी त्यांच्या जागी मी वेगळं काय केलं असतं, ते मला सांगता आलेलं नाही.

खोलीतल्या सगळ्यांनी बाबांना सांगितलं की तुम्ही या, झोपा, तुम्हाला कोण अडवतंय, पाहुणे म्हणून राहा. बाबा म्हणाले, "पाहुणो कित्या?" आणि खुंटीवरचे दोन सदरे काढून ट्रंकेत भरले. चार दिवस ते माझ्या पोटमाळ्यावर राहिले. तिथे एक माणूस पाय दुमडून झोपू शकतो, दोघं नाही. मी खाली काउंटरच्या मागे झोपायचो. मालक काही बोलले नाहीत, पण सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ट्रंक कुठे लपवावी ते कळायचं नाही. बाबांना ते दिसत होतं. दादरची नोकरी त्यांनी मला न विचारता सोडली. जाताना एवढंच म्हणाले, "त्या फोटोची एक कॉपी दी." कशाला, हे मी विचारलं नाही. मोठी करून दिली.

पुढच्या शिमग्याला मी गावी गेलो. आई काठी घेऊन हिंडत होती. बाबा घरापुढच्या खळ्यात बसून नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत होते, आणखी बारीक झालेले. आईने मला आत नेलं आणि ओटीवरच्या भिंतीवर लावलेला फोटो दाखवला. इतक्या वर्षांत खोली तिने पहिल्यांदाच बघितली होती.

"केवढी मोठी खोली रे," ती म्हणाली. "आणि ह्ये बघ, तुझो बापूस. माका वाटायचा, संपापासून ह्येंच्या पोटात काय जाता की नाय. रोज घास घेताना माका तोच घोर. आणि हय बघ, अंगान कसे भरलेले!" तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. मग खिडकीतून बाहेर बघत तिने बाबांना विचारलं, "होय हो, तुमीच मां ह्ये?"

मी तोंड उघडलं. लेन्स, कड, ताण, सगळं सांगायला तोंड उघडलं. बाबांनी विणायचं न थांबवता माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प झालो.

"होय तर," ते म्हणाले. "मीच तो. थय जेवाण बरा मेळायचा."